जिन्याकडची कमान

आईने मिठाच्या डब्यावर 'मीठ' अशी चिठ्ठी चिकटवली, तेव्हा मला ते ठीकच वाटलं. मग साखरेच्या डब्यावर 'साखर' आली, गॅसच्या बटणाखाली 'बंद कर' आलं. एका सकाळी न्हाणीघरातल्या आरशाच्या कोपऱ्यात 'दात' असं लिहिलेलं दिसलं, तेव्हा मात्र मला हसू फुटलं. आईही हसली.

"हस, हस. उद्या तुझ्या कपाळावर चिकटवीन. 'मुलगी'."

डॉक्टरांनी तिला नेहमीचे प्रश्न विचारले. आज वार कोणता, आपण कितव्या मजल्यावर आहोत, शंभरातून सात गेले किती. वार तिने चुकवला. मजल्याबद्दल म्हणाली, "तुम्ही रोज येता, तुम्हाला ठाऊक असेलच." आणि शंभर चांगले असताना त्यातून सात घालवायचे कशाला, असं तिने उलट विचारलं. डॉक्टर हसले. मग मला एकटीला आत बोलावलं आणि हसायचे थांबले. हळूहळू जाईल, ते म्हणाले. आधी कालचं, मग परवाचं. जुनं सगळ्यांत शेवटी.

परतताना टॅक्सीत आई खिडकीबाहेर बघत होती.

"काय म्हणाले ते मला सांगू नकोस. वाईट गोष्ट चांगली करून सांगायला लागलीस की तुझा आवाज बातम्या वाचल्यासारखा होतो. मला एकच काम करून दे. ताईला शोध. मी कोणाला शोधतेय तेच विसरायच्या आत."

"आई, ताई असलीच तर आता नव्वदीला टेकली असेल."

"मग? मी काय तिला धावायला लावणारे?"

ताई म्हणजे माझी मावशी. मी तिला पाहिलेलं नाही, कारण माझ्या जन्माच्या कितीतरी आधी ती नाहीशी झाली. कॉलेजात जायच्या वयात तिला क्षय झाला. आई तेव्हा दुधाचे दात पडायच्या वयाची. औषधं नुकती कुठे येऊ लागली होती आणि सगळ्यांपर्यंत पोचत नव्हती. गावाबाहेरच्या टेकडीवर सॅनिटोरियम होतं. तिथली मोकळी हवा, दूध, अंडी आणि दिवसभर पडून राहणं, हाच बहुतेकांचा उपचार. ताईला तिथे ठेवलं.

मुलांना आत सोडत नसत. दर रविवारी आजोबा सगळ्यांना घेऊन बसने जायचे. टेकडीवर हिरवळीच्या दोन बाजूंना दोन दुमजली इमारती होत्या, एक पुरुषांची, एक बायकांची. वरच्या मजल्यावर लांबलचक उघडा व्हरांडा, त्याला ओळीने कमानी, आणि प्रत्येक कमानीत एक खाट. पेशंट उन्हा-वाऱ्यात तिथेच पडून असत. आई, तिचे आईवडील, सगळे हिरवळीवर उभे राहायचे, ताई वरून टॉवेल हलवायची. येताना उकडलेली अंडी रुमालात बांधून आणलेली असत, ती परत जाताना बसमध्ये खायची. अंड्याचा तो वास आला की अजूनही रविवार वाटतो, असं आई म्हणते.

बसमध्येच आजोबांना कोणीतरी तिथली रीत सांगितली होती. प्रकृती सुधारत गेली की पेशंटची खाट एकेक कमान पुढे, जिन्याच्या दिशेने सरकवतात. जिन्याला लागून असलेल्या कमानीत पोचलात की पुढचा मुक्काम घर. तेव्हापासून ते सगळे रविवारी हिरवळीवर पोचले की आधी वर बघायचे, ताई कितव्या कमानीत आहे ते. आणि ताई सरकत होती. कधी दोन रविवार तिथेच, कधी एकदम दोन कमानी. ज्या दिवशी सरकलेली असेल त्या दिवशी आजोबा टोपी हवेत उडवायचे आणि परत येताना लिंबाच्या गोळ्या घ्यायचे.

आमच्या घरात त्यावरून एक बोलणंच पडून गेलं. मी परीक्षेत पास झाले, वडिलांना बढती मिळाली, शेजाऱ्यांची मांजर हरवून सापडली, काहीही चांगलं घडलं की आई म्हणणार, "चला, कमान सरकली." मला लहानपणी वाटायचं, सगळ्याच घरांत असं म्हणतात.

एका रविवारी ताई जिन्याला लागून असलेल्या कमानीत दिसली. त्या दिवशी आजोबांनी गोळ्यांची आख्खी पिशवी घेतली. आठवडाभर तिच्या खोलीची साफसफाई चालली. पुढच्या रविवारी त्या कमानीत दुसरीच कोणीतरी बाई होती. आजोबा आत गेले, बऱ्याच वेळाने बाहेर आले आणि म्हणाले, "ती इथे नाही. चला." त्यानंतर त्यांनी जन्मात तिच्याबद्दल एक शब्द उच्चारला नाही. आजीने विचारलं, आईच्या काकांनी विचारलं. ते उठून दुसऱ्या खोलीत जायचे.

"ती बरी होऊन निघून गेली," आई म्हणायची. "आमच्यापैकी कोणावर तरी रागावली असेल. तिथे पोचलेला माणूस मरेल कसा? अगं, जिन्याजवळ आली होती ती."

मी तीस वर्षं वर्तमानपत्रात काढली, पण या गोष्टीची चौकशी मी कधी केली नव्हती. घरातल्या गोष्टी तपासाव्याशा वाटत नाहीत.

पहिल्यांदा मी एकटीच गेले. बस टेकडीच्या वळणावर सोडते. दोन्ही बाजूंना सुरूची झाडं, वारा नसतानाही त्यांचा बारीक आवाज चालू. पुरुषांच्या इमारतीचं छप्पर उतरवलेलं होतं. बायकांच्या इमारतीत खालच्या मजल्यावर आता डोळ्यांचा दवाखाना चालतो. एका डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेली माणसं बाकांवर बसली होती. वरच्या मजल्याच्या कमानी तशाच, रिकाम्या.

कारकून तरुण होता आणि जेवणाच्या सुटीची वाट बघत होता. "सॅनिटोरियमचे कागद? काही वाळवीने खाल्ले, काही आमच्या साहेबांनी रद्दीत घातले. मागे मेट्रनबाई राहतात, त्यांना विचारा. बोलल्या तर बोलतील."

मेट्रनबाई हिरवळीवरच सापडल्या. उंच, ताठ, पांढरे केस बारीक कापलेले. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली तरी मागच्या क्वार्टरमध्ये राहू दिलं होतं. मी तोंड उघडणार तोच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि बाकावर शेजारी बसायची खूण केली. मी बसले. त्या समोर बघत राहिल्या. दवाखान्यातही तेव्हा कोणी बोलत नव्हतं. ऊन डोक्यावर आलेलं, हिरवळीवरून माशी उडाली तरी ऐकू यावी.

मग वरून आवाज आला. लोखंडी खाटेच्या स्प्रिंगचा, कोणी कूस बदलल्यावर येतो तसा.

मी वर पाहिलं. मेट्रनबाईंनी पाहिलं नाही.

थोड्या वेळाने त्यांनी श्वास सोडला. "हं, बोला. दुपारी विसाव्याचा तास असायचा इथे. बोलायचं नाही, वाचायचं नाही, कुशीवर वळायचं नाही. माझी सवय गेली नाही."

"वर कोण राहतं?"

"कोणी नाही. जिन्याला कुलूप आहे."

"आत्ता आवाज आला."

"जुनी फरशी आहे. उन्हाने वाजते," त्या म्हणाल्या, आणि दगड उन्हाने असा वाजत नाही हे आम्हा दोघींनाही कळत होतं.

मी आईची हकिगत सांगितली. त्यांची नोकरी ताईनंतरच्या काळात सुरू झाली होती, त्यामुळे ताई त्यांना माहीत असणं शक्य नव्हतं. पण जागा बघायला मिळेल का विचारल्यावर त्या किल्ली घेऊन आल्या. जिन्याला लागूनच नर्सची खोली, तिला व्हरांड्याकडे उघडणारी काचेची खिडकी. बाहेर पाऊल टाकलं तर पहिल्याच कमानीत एक खाट. साऱ्या व्हरांड्यात तेवढी एकच.

"बाकीच्या भंगारात गेल्या. ही हलेना," मेट्रनबाई म्हणाल्या. पाय गंजून फरशीला चिकटले होते. मी गुडघा लावून रेटून पाहिलं. खाट जागची ढळली नाही. तिथून खाली हिरवळ दिसत होती, आम्ही बसलो होतो तो बाक दिसत होता, आणि पलीकडच्या उंच भिंतीमागे रानात बुडालेलं विटांचं एक गोल कडं. तिथे काय होतं विचारलं. धुलाईची विहीर, त्या म्हणाल्या, कधीच बुजवली.

"माझी मावशी शेवटी या कमानीत होती," मी म्हटलं. "म्हणजे घरी सोडायच्या बेतात असणार. मग ती गेली कुठे, एवढंच आम्हाला कळत नाही."

मेट्रनबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं माझ्या बोलण्यात काही उणंअधिक गेलं.

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"माझ्या आजोबांना बसमध्ये भेटलेल्या एका गृहस्थांनी."

"त्यांचं कोणीतरी पुरुषांकडे असणार." त्या काचेच्या खिडकीला टेकून उभ्या राहिल्या. "पुरुषांच्या इमारतीत डॉक्टरांची खोली एका टोकाला आणि जिना दुसऱ्या टोकाला. तिथे जिन्याकडे सरकणं म्हणजे घरी जाणं, ते बरोबर आहे. इथे जिना नर्सच्या खोलीला लागून बांधला. बायका आहेत, ये-जा कोणाची होते त्यावर नजर हवी, म्हणून. जिला रात्रीबेरात्री बघावं लागे ती खोलीजवळ. बरी होत गेली की लांब, त्या टोकाला."

मी त्या टोकाकडे पाहिलं. व्हरांडा उन्हात शेवटपर्यंत स्वच्छ दिसत होता.

म्हणजे ते सगळे हिरवळीवर उभे राहून टोपी उडवत होते, तेव्हा ती एकेक कमान मरणाकडे येत होती. आणि टॉवेल हलवत होती.

आईला मी हे सांगितलं नाही. कागद नाहीत, एवढंच म्हणाले.

"कमानी आहेत?"

"आहेत."

"मग मला ने."

दुसऱ्या खेपेला आम्ही दोघी गेलो. आईने इस्त्रीचे कपडे घातले, बसमध्ये खिडकीची जागा मागून घेतली आणि सगळ्या वाटेवर मला ओळख करून देत राहिली. इथे पूल नव्हता, उतरून चालावं लागायचं. इथे एक कुत्रं बसच्या मागे लागायचं, तुझे आजोबा त्याला नमस्कार करायचे. काल दुपारी काय जेवली ते तिला सांगता आलं नसतं, पण त्या कुत्र्याचा कान कोणत्या बाजूचा फाटलेला होता ते ठाऊक होतं. इतक्या खुशीत मी तिला बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

हिरवळीवर पोचल्यावर ती न विचारता एका ठिकाणी जाऊन उभी राहिली. मेट्रनबाई बाकावर होत्या, त्यांनी मान हलवली.

"किती लहान झालीय गं ही जागा," आई म्हणाली. मग कपाळावर हात धरून वर बघू लागली. "ती बघ खाट. पण मधेच कशी?"

मी पाहिलं. खाट मधल्या कमानीत होती.

मी मेट्रनबाईंकडे वळले. त्यांनी वर बघितलं आणि लगेच नजर खाली आणली. "सफाईवाल्यांनी हलवली असेल," मी म्हटलं.

"लोकांना न्यायला यायचे ना, तेव्हा मोठी मजा असायची," आई सांगत होती. "घरच्यांनी इथे उभं राहून मोठ्याने म्हणायचं, आम्ही न्यायला आलोय. सगळ्या व्हरांड्याला ऐकू गेलं पाहिजे. त्याशिवाय सोडायचेच नाहीत. बाबांनी घरी आरशासमोर तालीम केली होती. आई म्हणायची, अहो, भाजी विकल्यासारखं नका ओरडू." ती हसली. हसता हसता थांबली. "त्यांना म्हणायला मिळालंच नाही."

तिने काठी माझ्या हातात दिली. दोन्ही हात तोंडाशी धरले.

"ताई, चल. मी न्यायला आलेय."

तिचा आवाज एवढा मोठा असेल हे मला माहीत नव्हतं. बाकांवरची हिरव्या पट्टीची माणसं आपापला एक डोळा घेऊन वळली. वरून काही उत्तर आलं नाही. येणार नव्हतंच. नेहमीसारखी सुरूची झाडं वाजत होती.

मेट्रनबाई उठून माझ्याजवळ आल्या. "हे म्हणू द्यायला नको होतं तुम्ही," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या.

"का?"

"काही बायका बऱ्या व्हायच्या आणि न्यायला कोणी यायचंच नाही. घरचे घाबरायचे. मग त्या पलीकडच्या टोकाच्या कमानीत नुसत्या पडून असायच्या. विसाव्याच्या तासाला सगळ्या कान लावून असायच्या, खालून कोण ओरडतंय." त्यांनी आईकडे पाहिलं. ती वर बघून हात हलवत होती. "ते शब्द इथे कोणी किती वर्षांत म्हटले नाहीत."

परतताना आई बसमध्ये माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. तिचं अंग किंचित गरम लागत होतं. उन्हाने असेल, मला वाटलं.

नंतरचे दिवस चांगले गेले. आईची तब्येत सुधारली, हे मी नोंदवून ठेवते, कारण तपासणीतही तेच दिसलं. काठी सुटली. गालांवर रंग आला. जन्मभर जिला दुधावरच्या सायीची किळस होती ती पेला भरून दूध मागून घेऊ लागली आणि साय बोटाने पुसून खाऊ लागली. दुपारी ती उशी काढून उताणी पडायची, हात दोन्ही बाजूंना सरळ, डोळे खिडकीकडे. त्या वेळी हाक मारली तर ओ देत नसे. थोड्या वेळाने आपणच ताजीतवानी होऊन उठायची.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "हिला खायला काय घालतेस? मलाही दे थोडं."

फक्त एकेक गोष्ट जात होती, आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या क्रमाने जात नव्हती. भिंतीवरच्या फोटोसमोर उभी राहून तिने एकदा विचारलं, "हे गृहस्थ कोण?"

"बाबा."

"तुझे?"

"हो."

"चांगले दिसतात," ती सभ्यपणे म्हणाली.

लग्न गेलं. मग शाळा गेली, ती शिकवत होती ती आणि शिकली ती, दोन्ही. टेकडी तेवढी राहिली. उलट ती वाढत होती. तिथल्या फिनेलचा वास, पितळी थर्मामीटरची डबी, थंडीत पांघरुणावर पडलेलं दव, असं ती काय काय सांगायची. मला आधी बरं वाटायचं. मग एका दुपारी ती म्हणाली, "वरून हिरवळ काय सुरेख दिसायची. माणसं एवढीएवढीशी."

"वरून? तू तर खाली उभी असायचीस ना?"

ती गोंधळली. मग हसली. "हो की. खालीच."

त्यानंतर काही दिवसांनी दूध पिताना ती आपल्याशीच हसत होती. काय झालं विचारलं.

"मोठे डॉक्टर आठवले. भिंतीमागे विहिरीवर पांढरा घोडा होता गं, आंधळा. सबंध दिवस गोल गोल फिरून पाणी काढायचा. आम्ही सगळ्या त्याला मोठे डॉक्टर म्हणायचो. सकाळी तो दिसला की कोणीतरी म्हणणार, आवरा गं, मोठे डॉक्टर राउंडला निघाले. हसायची बंदी होती, छातीला त्रास होतो म्हणून. मग पांघरूण तोंडात कोंबायचं."

हिरवळीवरून भिंतीमागचं काही दिसत नाही. मी दोन वेळा तिथे उभी राहिले आहे.

मी मेट्रनबाईंना फोन केला. विहिरीवर घोडा होता का, एवढंच विचारलं.

"माझ्या आधी होता," त्या म्हणाल्या. "जुन्या आया सांगायच्या. त्याला काहीतरी नाव पण होतं."

"मोठे डॉक्टर?"

त्यांनी विचारलं, "तुम्ही परत कधी येताय?"

मी दुसऱ्याच दिवशी गेले. आईजवळ काकू बसल्या. मी पोचले तेव्हा दुपार होत आली होती. मेट्रनबाई किल्ली हातात घेऊन जिन्याशी उभ्या होत्या. कुलूप घट्ट झालं होतं, तेल सोडावं लागलं. पहिल्यांदा तुम्ही आलात त्यानंतर उघडलेलं नाही, त्या म्हणाल्या. मी विचारलं नव्हतं.

पहिली कमान रिकामी होती. फरशीवर खाटेच्या पायांचे चार तांबडे डाग होते.

व्हरांड्यात सुरूच्या काड्या आणि धूळ पसरलेली होती, पातळ, सारखी. तिच्यावर पावलं नव्हती. काही ओढून नेल्याची रेघ नव्हती. मी वाकून पाहिलं, बाजूने उजेड पडेल असं पाहिलं.

खाट त्या टोकाला होती. शेवटच्या कमानीत.

आम्ही चालत गेलो. मागे वळून पाहिलं तर धुळीत आमची पावलं स्पष्ट उमटली होती.

खाटेवर गादी नव्हती, पहिल्या खेपेलाही नव्हती. मी पायाला हात लावला. गंज तसाच होता. मी हलकंच ढकललं आणि खाट चाकं असल्यासारखी सरकली.

"आता हलकी झाली," मेट्रनबाई म्हणाल्या.

विसाव्याचा तास होता. आम्ही दोघी तिथे उभ्या राहिलो. खाली दवाखाना शांत, सुरू शांत. पहिल्या खेपेला मी ऐकला होता तो आवाज कुठूनही येत नव्हता. मी वाट बघतेय हे माझ्या लक्षात आलं. येणार नाही हेही लक्षात आलं.

घरी पोचले तेव्हा दिवस कलला होता. काकू दारात चपला घालत होत्या.

"शांत आहेत. दुपारभर मला सिस्टर म्हणत होत्या. आणि हे बघ, हट्टाने दोन वेण्या घालून घेतल्या माझ्याकडून. छान दिसतात हं."

आई खिडकीपाशी बसली होती. पांढऱ्या केसांच्या दोन बारीक वेण्या खांद्यांवरून पुढे घेतलेल्या. पाठ सरळ. मला पाहून ती थोडी सावरून बसली.

"या ना. बसा."

आईने मला आयुष्यात कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

मी बसले.

"तुम्ही बाहेरून आलात, म्हणून विचारते. मला आता सोडलंय. पण घरचं कोणी दिसत नाही. आणि माझ्या धाकट्या बहिणीचा पत्ता लागत नाहीये."

"आई," मी म्हटलं.

तिने दाराकडे पाहिलं, कोणाची आई आली ते बघायला. कोणी नाही म्हटल्यावर पुन्हा माझ्याकडे वळली.

"दर रविवारी यायची. पुढचा दात पडलेला. मी जिन्याकडे सरकले की आमचे सगळे नाचायचे, बाबा टोपी उडवायचे. त्यांना एवढ्या लांबून काय ओरडून सांगणार, की हे असं नसतं? मी आपला टॉवेल हलवायचे."

हे मी तिला सांगितलं नव्हतं. कोणालाच सांगितलं नव्हतं.

"शेवटच्या रविवारी मी अगदी जिन्याला लागून होते. सगळ्यांनी हात हलवले. तिने नाही हलवला. नुसती बघत राहिली. तिला कळलं होतं. एवढीशी पोर, पण एकटीला तिलाच कळलं आणि तिने कोणाला सांगितलं नाही. बाबांचा आनंद मोडवला नसेल तिला." ती वेणीच्या टोकाशी चाळा करत होती. "नंतर स्वतःलाही कधी सांगितलं नसेल तिने. मुलं असंच करतात. मला तिला एवढंच सांगायचंय, की मी पाहिलं होतं. मला वाईट नाही वाटलं. बरं वाटलं, कोणाला तरी कळलं म्हणून. शोधाल तिला?"

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मी ते ऐकून घेतलं.

"शोधते," मी म्हटलं. "दिसायला कशी आहे?"

तिने माझा चेहरा निरखला. हनुवटी, कपाळ, पुन्हा हनुवटी.

"थोडी तुमच्यासारखीच," माझी आई म्हणाली. "पण ती लहान आहे हो. तुम्ही तर माझ्या आईच्या वयाच्या असाल."